पिंपात मुरलेली हलकी बिअर

माझा नवरा युरोपातून परत आला तेव्हा त्याने मला विमानांबद्दल काहीच सांगितलं नाही. तो मिहानमध्ये विमान दुरुस्तीच्या कामावर होता आणि कंपनीने त्याला एका नव्या इंजिनाचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं होतं. विमानतळावरून हुडकेश्वरच्या आमच्या घरी येईपर्यंत गाडीत तो बोलत राहिला तो एका बिअरबद्दल. तिथल्या कुठल्याशा लहान गावात सुट्टीच्या दिवशी ती त्याने प्यायली होती.

"लाकडाच्या पिंपात वर्षभर ठेवली होती ती," तो म्हणाला. "पण दारू म्हणून काही लागतच नाही वं. आधी लाकूड येते, मंग जराशी द्राक्षं, मंग आंबटपणा. अन् गिळल्यावर पुन्हा लाकूड. तुले पाजायची आहे मले."

"मला?" मी हसले.

महालातल्या माझ्या माहेरी बाटली हा शब्दसुद्धा फक्त औषधासाठी वापरत. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी चिखलदऱ्याला याच्या आग्रहाखातर मी दोन घोट घेतले होते, आणि इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवतात त्या बोळ्याचा वास आला म्हणून ग्लास खाली ठेवला होता. पण लेक नुकतीच नोकरीसाठी बंगळुरूला गेली होती. जेवणं झाली की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो आणि दोघांपैकी कोणीच तो बघत नसायचं. इतक्या दिवसांत त्याला एखाद्या गोष्टीबद्दल असं भरभरून बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "आणा. पण वास आला तर मी पिणार नाही."

आमच्या गावात बिअरची चौकशी केली की दुकानदार एकच गोष्ट सांगतो, ती किती चढते. पहिल्या एकदोन खेपेला हा एकटा गेला आणि हात हलवत परत आला. पुढच्या वेळी मीही दुकानात शिरले. माझ्याकडे बघून काउंटरवरच्या बाईने खुर्ची पुढे केली. तिचा नवरा बराच वेळ आमचं म्हणणं ऐकत राहिला.

"भाऊ, पिंपातली पायजे हे समजलं," तो शेवटी म्हणाला. "पण हलकी काहून पायजे? लोकं तं स्ट्राँगच मागून राहिले."

"चव लागली पायजे म्हणून," हा म्हणाला.

"चवीसाठी चणे आहेत ना," दुकानदार म्हणाला, आणि त्याची बायको इतकी हसली की आम्हालाही हसू आवरेना.

मग लेकीला कामाला लावलं. ती दर खेपेला कपड्यांत गुंडाळून एकदोन बाटल्या आणायची. याच्या कंपनीतले लोक पुण्याला, गोव्याला गेले की एखादी आणायचे. शनिवारी दुपारी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो, सरबताचे छोटे ग्लास घ्यायचो आणि एक बाटली उघडायचो. बहुतेक वेळा निराशाच व्हायची. काळ्याभोर, दाट बिअर असायच्या त्या. नाकाशी नेलं की खोकल्याच्या औषधासारखा भपकारा यायचा आणि घोट छातीपर्यंत जळत जायचा.

"यात पहिले व्हिस्की होती," हा समजावून सांगायचा. "पिंप ताजं असलं की लाकडात मुरलेली सारी व्हिस्की हिच्यात उतरते. पिंप जुनं पायजे. तीनचारदा वापरून थकलेलं. अन् आतली बिअरही साधीच पायजे, म्हणजे लाकडाले बोलायले जागा राहते."

उरलेलं आम्ही सिंकमध्ये ओतायचो. तरीही त्या दुपारी मला आवडायच्या. मला न कळत माझं नाक तयार होत गेलं. नारळाचा वास, भाजलेल्या साखरेचा, जुन्या कपाटाचा. मी एकेक सांगायचे आणि तो मान डोलवायचा. कधीकधी मी सांगितलेलं त्याला सापडायचं नाही. मग तो पुन्हा पुन्हा ग्लास हुंगायचा. हळूहळू त्याच्या आवडीतही फरक पडत होता. जी बिअर मला जाळायची तिला तो "ही बरी आहे" म्हणू लागला. मी चिडवायचे, की अखेर तुम्हीही दुकानदाराच्या पंगतीला बसलात.

याच सुमारास वर्धा रोडच्या बाजूला स्वतः बिअर बनवणारं एक हॉटेल निघालं. तिथला बिअर बनवणारा अमरावतीचा होता. चाळिशीचा, बोलका माणूस. याने त्याला आपला शोध सांगितला तेव्हा तो टेबलाशी खुर्ची ओढून बसलाच. त्याच्याकडे नाशिकहून आणलेली वाइनची दोन जुनी पिंपं होती. "साऱ्यांनी वापरून टाकलेली," तो म्हणाला. "आता त्यात दम राहिला नाही म्हणून मले मिळाली. एकात फिकी गव्हाची बिअर भरून ठेवली आहे. विकायची नाही, माझ्या हौसेची आहे. तयार झाली की वहिनींना घेऊन या."

त्याचा फोन आला तो एका रविवारी. आम्ही दुपारी गेलो. हॉटेल रिकामं होतं. त्याने स्वतः पिंपातून दोन ग्लास भरून आणले. रंग उसाच्या रसासारखा गढूळ. मी ग्लास नाकाशी नेला आणि काहीच झोंबलं नाही. पहिल्या घोटात तर नुसतं गार पाणी वाटलं. मग लाकूड आलं, सुताराकडे रंधा मारताना उडतं तसं ताजं नव्हे, पावसाळ्यानंतर पेटी उघडल्यावर येतं तसं. त्यामागून द्राक्षाची साल, मग आंबटपणा. आणि गिळल्यावर आवळा खाऊन पाणी प्यावं तशी गोडी, बराच वेळ रेंगाळणारी, आणि तिच्यात पुन्हा लाकूड. युरोपातून आल्यावर याने गाडीत जे सांगितलं होतं ते एकेक करून, त्याच क्रमाने माझ्या तोंडात येत होतं. माझे डोळे भरून आले. मी याच्याकडे पाहिलं.

तो ग्लास अर्धा संपवून टेबलाकडे बघत होता.

"कशी वाटली, भाऊ?" त्या माणसाने विचारलं.

"पातळ आहे," हा म्हणाला. "काही लागून नाही राहिलं."

त्या माणसाचा चेहरा पडला. त्याने माझा ग्लास हुंगला, मग याचा हुंगला. दोन्ही एकाच पिंपातले होते. मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली. परत येताना गाडीत मात्र मला राहवलं नाही. "अहो, इतकी वर्षं जिच्यासाठी वणवण केली तीच होती ती," मी म्हणाले. "निदान त्याच्या तोंडावर तरी बरं बोलायचं."

त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"खोटं नाही बोललो मी," तो म्हणाला. "मले खरंच काही आलं नाही वं. पाणी पिल्यासारखं झालं."

घरी आल्यावर मी त्याला डोळे मिटून बसवलं आणि हिंगाची डबी नाकाखाली धरली. तो विचार करत राहिला. "कापूर?" असं त्याने विचारलं, आणि मला कळलं की तो अंदाज करतोय. कापूर धरला तेव्हा तो काहीच बोलला नाही. लसूण नाही, फिनाइल नाही. फक्त व्हिक्सच्या डबीशी "हं, हे झोंबते" म्हणाला. मी डबी हातात धरून उभी राहिले. मग एकेक आठवायला लागलं. दूध करपून घरभर वास झाला तरी हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. आणि त्या जळजळीत बाटल्या त्याला का आवडू लागल्या होत्या तेही कळलं. त्याच्यापर्यंत आता फक्त जळणंच पोचत होतं.

नाकाच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. त्यांनी धंतोलीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बाईंनी याला बोलण्याआधी चालायला सांगितलं, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. हा चालला. मी पंचवीस वर्षं त्याला चालताना बघत होते आणि मला काही दिसलं नाही. त्यांना दिसलं. "चालताना यांचा उजवा हात हलत नाही," त्या म्हणाल्या. मग बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं. कंपवात आहे, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. हात थरथरायच्या कितीतरी आधी वास जातो, पण वास गेला म्हणून डॉक्टरांकडे कोणी येत नाही.

दुसऱ्याच दिवशी याने ऑफिसात जाऊन वरिष्ठांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा त्याचा हात स्थिरही होता. पण विमान उडण्यालायक आहे अशी सही आता आपण करायची नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं. त्यांनी त्याला टेबलावरचं काम दिलं. तो ते निमूटपणे करत राहिला, पण संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढायला खूप वेळ लावायचा. पुढे ती नोकरीही त्याने सोडली.

औषधं सुरू झाल्यावर बिअर बंदच झाली. तरी एकदा तो म्हणाला, "चल, त्या भाऊकडे जाऊ. मी वाईट बोलून आलो त्याच्याशी." आम्ही गेलो. याने त्याला सगळं सांगितलं. तो माणूस ऐकत राहिला, मग आत गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात एकच ग्लास होता. तो त्याने माझ्यासमोर ठेवला.

"तू पी अन् सांग," हा मला म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

मी सांगितलं. पेटीचं लाकूड सांगितलं, द्राक्षाची साल सांगितली, आवळ्यानंतरचं पाणी सांगितलं. तो प्रत्येक शब्दाला हलकेच मान हलवत होता. मला वाटलं, पोचतंय. मी विचारलं, "तिथे प्यायला होतात तशीच आहे ना?"

त्याने डोळे उघडले. "काय माहीत," तो म्हणाला. "मी तुले सांगितलं होतं ते शब्द आठवतात. वास नाही आठवत. तो होता, एवढंच आठवते."

त्या माणसाने समोरचं स्वच्छ टेबल पुसायला घेतलं.

ते हॉटेल पुढे बंद पडलं. तो माणूस पुण्याला गेला. पिंपं कुठे गेली ते विचारायचं राहून गेलं. लेकीने आणखी काही दिवस बाटल्या आणल्या, मग तिचं तिलाच कळलं आणि तिने आणणं थांबवलं.

आता त्याचा हातही थरथरतो आणि शर्टाची बटणं मी लावते. पण आमच्या दोघांच्या अंगवळणी अजून पडलेला नाही तो त्याचा आवाज. आवाज खोल जात चाललाय. आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या बाई येतात आणि त्याला मोठ्याने "आ" म्हणायला लावतात. "जोरात, काका, रस्त्यापलीकडच्याला बोलावताय असं," त्या म्हणतात. तो मान ताणून, लाल होऊन ओरडतो. त्या उठून गेल्या की पुन्हा कुजबुज.

परवा मी खोबऱ्याची चटणी वाटत होते. मिक्सर थांबवला आणि मागे वळले तर तो स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. किती वेळ झाला होता कोण जाणे. मी जवळ गेले, कान त्याच्या तोंडाशी नेला.

"काही नाही," तो म्हणाला. "तुझी पाठ दिसून राहिली होती. म्हटलं, बोलावं."

मी पंखाही बंद केला आणि खुर्ची ओढली. म्हटलं, "बोला."