मडमसाहेबांचं मखमली झाड

"पाठ बघा, पाठ," म्हणत बाई झाडाचं कुठलंही पान उलटं करायच्या आणि समोरच्याच्या गालावर फिरवायच्या. नगरच्या आमच्या मिशन शाळेत त्या निसर्गपाठ शिकवत, मी शिवण. तुमच्याही ओळखीत अशी कोणी असेल, जिच्यापुढे विड्याचं पानसुद्धा सुखाने खाता येत नाही.

बाईंचा सगळा जीव आवारातल्या एका झाडात. दवाखान्याच्या अमेरिकन मडमसाहेबांनी आपल्या वाळवंटी मुलखातून बी आणलं होतं, त्यातलं एकच रोप जगलं. मडम सुट्टीवर गेल्या त्या "हे तुमच्या हवाली" एवढं सांगून. मग लढाई पेटली आणि त्या तिकडेच अडकल्या.

झाडाचं शास्त्रीय नाव बाईंनी मलाही घोकायला लावलं. फ्रॅक्सिनस व्हेलुटिना.

"व्हेलुटिना म्हणजे मखमली. पानाखाली लव असते ना, म्हणून. आणि कूळ मोगऱ्याचं."

"मोगऱ्याचं? मग वास कुठे सांडला?" मी विचारलं. बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

एका वर्षी थंडी कडक पडली आणि झाड पहिल्यांदाच पार बोडकं झालं. शेजारचे कडुलिंब हिरवेगार आणि हे नुसत्या काटक्या. लढाईमुळे सरपण मिळेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मेलंय ते. वसतिगृहाच्या चुलीला होईल."

"थंडीत ते झोपतं, मोठ्या बाई," आमच्या बाई म्हणाल्या. "त्याची रीतच आहे. मडमना मी काय तोंड दाखवू?" हातापाया पडून त्यांनी रंगपंचमीपर्यंत मुदत मिळवली.

होळी आली तरी पालवीचा पत्ता नाही. संध्याकाळी गल्लीतली तरणी पोरं कुऱ्हाड घेऊन आवारात शिरली. होळीसाठी वाळकं लाकूड पळवायला परवानगी कोण मागतो? पण बाईंनी सकाळीच खोडाला पत्र्याची पाटी बांधली होती आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरांत ते लांबलचक नाव रंगवलं होतं. आमच्या गावात लष्कराचा तळ, असल्या पाट्या त्यांच्याच. म्होरक्याने पाटी पाहून कुऱ्हाड खाली घेतली.

"मिल्ट्रीचं झाड हाय रे. चला."

मी तोंडाला पदर लावून हसले. बाई मात्र पाटीची गाठ आणखी घट्ट करत होत्या.

रंगपंचमीला लाकूडतोड्या यायचा, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला ओढत नेलं. फांदीच्या टोकाला हिरवे कोंब.

"अहो, मलाच खात्री नव्हती," म्हणाल्या आणि मटकन खाली बसून रडल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

लढाई संपल्यावर मडमसाहेब परतल्या, तोवर बाईंची बदली कोल्हारला झाली होती. मडम झाडाच्या सावलीत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग ट्रंका व्हरांड्यात तशाच टाकून त्यांनी मला विचारलं, कोल्हारची मोटार किती वाजता सुटते.