आठव्या मिनिटाचा ठोका

आमच्या शाळेच्या मैदानावर वर्षातून एका संध्याकाळी इथलेच लेखक आपापल्या गोष्टी सांगतात. लेखक म्हणजे कोण, तर औषधाच्या दुकानातला एक, शिकवण्या घेणारी एक, असे. प्रत्येकाला दहा मिनिटं. पण माइक हातात आला की माणूस सख्ख्या बायकोचं ऐकत नाही, तिथे निवेदकाचं काय ऐकणार? निवेदक मी. म्हणून शाळेचे निवृत्त शिपाई टणटणकाका मंचाच्या कडेला जुना पितळी टोल टांगून माझ्या शेजारी बसतात. आठव्या मिनिटाला एक ठोका, म्हणजे आवरतं घ्या. दहाव्याला दोन, म्हणजे बसा खाली. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला पाव मिनिट जास्त दिलं नाही, अध्यक्षांनाही नाही. लेखकांनाही सवय झालेली. पहिला ठोका पडला की मधलं सगळं सोडून ते थेट शेवटाकडे वळायचे.

तीन वर्षांपूर्वी काकांची बायको गेली. सकाळीच तिला धाप लागली, म्हणून काकांनी सूतगिरणीत पाळीवर असलेल्या मुलीला फोन केला. मुकादमाने तिला लवकर सोडलं नाही. ती धावतपळत पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. आणि हा माणूस चार नातेवाइकांसमोर तिला म्हणाला, "अर्धा तास आधी आली असतीस तर आई वाचली असती."

खोटं होतं ते. आठवड्यापूर्वीच डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता आमच्या हातात काही नाही. मुलीच्या जिवाला घोर नको म्हणून काकांनी ते पोटात ठेवलं होतं. पण जिभेला हाड नसतं. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

मुलगी गिरणीजवळ खोली घेऊन राहू लागली. काका गेले तर दार उघडायची नाही, फोन घ्यायची नाही. चिठ्ठी न फोडताच परत यायची. फक्त या कार्यक्रमाला यायची. लहानपणी टोलाशेजारी बसून गोष्टी ऐकलेल्या, ती ओढ सुटली नसावी. शेवटच्या रांगेत, फाटकाजवळ बसायची. काका जागेवरून उठले तरी निघून जायची.

यंदा काकांनी वीज कार्यालयातल्या कारकुनाला गाठलं. हा आमचा विनोदी लेखक. शाळेत रोज उशिरा येऊन काकांच्या शिव्या खाल्लेला.

"माझी गोष्ट सांग," काका त्याला म्हणाले. "माझी हवी तेवढी टर उडव. फक्त शेवटी एवढं वाच."

कागदावर एकच ओळ होती. त्या अर्ध्या तासाने काहीच फरक पडला नसता, पोरी, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.

मुलगी आली. काकांनी कोपराने ढोसून मला दाखवली.

लेखक रंगात आला. घड्याळ बघून घास गिळणाऱ्या बापाची त्याने अशी खिल्ली उडवली की लोकांची हसून पुरेवाट झाली. काकाही हसले. सातव्या मिनिटाला 'अर्धा तास आधी आली असतीस तर' हे वाक्य आलं आणि मैदान चिडीचूप झालं. मुलगी मान खाली घालून बसली होती.

आठवं मिनिट झालं. काकांचा हात हातोडीवर होता, पण हलला नाही. मी बघितलं तर कुजबुजले, "आज घाई नको त्याला. नीट वाचू दे."

ठोका नाही म्हणजे अजून वेळ आहे, असं लेखकाने धरलं. तो भेटायला आलेल्यांच्या वर्णनात शिरला. कोण किती रडलं, रडता रडता कोण आपली चप्पल शोधत होतं. लोक पुन्हा खदखदू लागले. आपल्या आईच्या मरणावर हसणारं मैदान ती बघत होती. काकांचं घड्याळाकडे लक्षच नव्हतं, ते तिच्याकडे बघत होते. बाराव्या मिनिटाला ती उठली आणि फाटकाबाहेर पडली.

काकांनी ठोका हाणला. लेखक दचकला, त्याने खिशातून कागद काढला आणि ती ओळ वाचली. फार सुंदर वाचली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, टाळ्या थांबेनात. काका फाटकापर्यंत धावले. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेलो. दार उघडेना, म्हणून बाहेरूनच ती ओळ म्हटली.

"आता तसंच म्हणणार ते," आतून आवाज आला. "माझं समाधान करायला. मी उशिरा आले हे खोटं आहे का?"

काकांना हे सांगायला गेलो, तर ते शून्यात बघत पायरीवर बसले होते.

"चार मिनिटं आधी ठोका दिला असता तर ती थांबली असती," ते म्हणाले.

"नाही हो काका. चार मिनिटांनी काहीच फरक पडला नसता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच तसं वाटतं तुम्हाला, की माझं समाधान करताय?"