पट्टीखालचा निकाल

हर्लिंग या आयरिश खेळाचा राष्ट्रीय अंतिम सामना औरंगाबादच्या छावणीत, स्वतःच्या ओसरीवर बसून पाहणारा माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो आमचा शेजारी होता. पोस्टातून निवृत्त झालेले, मागेपुढे कोणी नसलेले मास्तर. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी छावणीतले आयरिश पाद्री मायदेशी परतले, तेव्हा टोकाशी वाकलेली खेळाची काठी त्यांना देऊन गेले. मास्तरांनी तिनं कधी चिंचा पाडल्या नाहीत की कुत्री हाकलली नाहीत. दर रविवारी ते तिला जवसाचं तेल लावत.

दरवर्षी पाद्रीसाहेब अंतिम सामन्याचं वर्तमानपत्र पाठवत. ते बोटीनं दोन महिन्यांनी पोचे. मास्तरांचं इंग्रजी पाकिटावरच्या पत्त्यापुरतं; म्हणून मी, शाळेत इंग्रजी शिकवणारा, शाळा सुटल्यावर जाऊन त्यांना मराठीत वाचून दाखवी. निकाल आधी कळू नये म्हणून ते पाकीट उघडताना भिंतीकडे तोंड करून बसत. एकदा मथळा पाहून माझ्या तोंडून "अरेरे" निघालं, तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षापासून त्यांनी मथळ्यावर कागदाची पट्टी थेट आयर्लंडहूनच डकवून मागवली.

"मास्तर, कोण आऊट झालं?" रस्त्यावरून कोणी तरी हटकून विचारी.

"यात आऊट नसतंय! डोकं फुटलं तरी खेळतेत लोक!"

पाद्रीसाहेबांचा जिल्हा एकदा तरी जिंकावा, एवढीच त्यांची इच्छा. शेवटच्या वर्षी तो अंतिम सामन्यात पोचला होता. मास्तर अंथरुणाला खिळलेले, काठी उशाशी. मी मध्यंतरापर्यंत वाचलं. जिल्हा आघाडीवर होता.

"थांबा गुरुजी," ते म्हणाले. "आता चहा. बाकीचं उद्या बघू."

"थोडंच राहिलंय, मास्तर."

"व्हय, पण घाई कशाला? आज लई बरं वाटतंय."

पहाटे ते गेले. पाद्रीसाहेबांना मीच कळवलं. त्यानंतर पाकीट आलं नाही.

ते वर्तमानपत्र माझ्या कपाटात आहे. कागद पिवळा पडला, पट्टीचा डिंक सुकून एक कोपरा उचलला गेलाय. नुसती फुंकर घातली तरी निकाल दिसेल. मी रविवारी काठीला तेल लावतो आणि कपाट हलक्या हातानं बंद करतो. आमचा मध्यंतराचा चहा अजून व्हायचाय.