उपस्थिती शून्य

हॉस्पिटलच्या लाँड्रीत मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोन टोकं माझ्या हातात, दोन माईच्या. झटकायची, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं. माईचं सगळं आयुष्य मला असं चादरीपलीकडून कळत गेलं.

माई हे तिचं नाव नव्हे. तिच्या मुलाला तेवढाच एक शब्द नीट येतो, म्हणून आम्हीही तसंच म्हणायला लागलो. मुलाला घरात गोटू म्हणतात. सव्वीस वर्षांचा, उभा राहिला तर दार भरून जाईल असा. पण शर्टाची बटणं लावायला शिकला तो अलीकडेच. शिकवलं ते गतिमंद मुलांच्या सेंटरमधल्या बाईंनी. वय काहीही असो, तिथे सगळी मुलंच. सकाळी सेंटरची गाडी यायची, गोटू ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसायचा, आणि माई निर्धास्त कामाला यायची. नवरा बेकरीत, तोही दिवसपाळीला. संध्याकाळी तिघं एकत्र जेवायची.

एक दिवस गाडी आली नाही. सेंटरला कुलूप लागलं होतं. सरकारी अनुदान वर कुठेतरी अडकलं, जागेचं भाडं थकलं, बाईंचे पगार थकले. दारावर पाटी होती : तात्पुरते बंद.

‘तात्पुरतं म्हणजे किती?’ माईनं ड्रायव्हरला फोन करून विचारलं.

‘मी दुसरीकडे लागलोय, माई,’ तो म्हणाला. ‘त्यावरून काय ते समजा.’

मग नवऱ्यानं रात्रपाळी मागून घेतली. पहाटे पिठानं माखलेला घरी यायचा, तेव्हा माई निघायच्या बेतात असायची. दिवसभर तो गोटूजवळ. संध्याकाळी माई परतली की थोडा डोळा लावायचा आणि पुन्हा भट्टीवर.

‘आमचा संसार आता उंबरठ्यावरच चालतो बघ,’ माई म्हणायची. ‘मीठ संपलंय, ह्याची नखं कापा, येते मी. एवढंच काय ते बोलणं.’

त्या सुमारास आमच्या मुकादमाची जागा रिकामी झाली. साहेबांनी आधी माईला विचारलं. पण अधूनमधून रात्रपाळी करावी लागणार होती. माईनं हातातली चादर झटकत ‘नको’ म्हटलं. मग ती जागा मला मिळाली, आणि पहिलं अभिनंदन तिचंच.

एकदा बॉयलर बिघडला आणि सगळ्यांना दुपारीच सोडलं. दुसऱ्या दिवशी माईच्या हातून चादरीचं टोक दोनदा सुटलं.

‘काय झालं गं?’

‘काल घरी गेले, तर दाराला आतून कुलूप. गोटू कड्या काढतो ना, म्हणून हे कुलूप घालतात आणि किल्ली गळ्यात अडकवतात. आत दोघंही घोरत होते.’

‘मग दार वाजवलंस?’

‘हात उचलला होता. पण जिन्यात बसले.’ तिनं चादरीच्या कडा जुळवल्या. ‘काही केलं नाही, नुसती बसले. मनात आलं, असंच उठावं आणि चालू लागावं. पण जायचं कुठे, तेच सुचेना. इतकी वर्षं घर आणि लाँड्री सोडून कुठे गेलेच नाही गं. शेवटी वाजवलं दार.’

असं वर्ष गेल्यावर कळलं, अनुदान देणाऱ्या सरकारी ऑफिसकडून घरोघरी पाहणी होणार आहे. अनुदान पुन्हा द्यायचं की नाही, ते त्यावर ठरणार. माईनं रजा टाकली. घर घासूनपुसून लख्ख केलं. नवऱ्यानं झोप मोडून दाढी केली. गोटूला इस्त्रीचा शर्ट घातला. पाहणीला आलेली बाई तरुण होती, प्रेमळ होती. गोटूशी हात मिळवून बोलली.

‘हा घरात कधी एकटा असतो का?’

‘छे! आमच्यापैकी एकजण असतोच.’

‘खाणंपिणं, औषधं वेळेवर?’

‘अगदी वेळेवर.’

‘छान सांभाळलंय हो तुम्ही,’ बाई म्हणाली, आणि हातातल्या टॅबवर तिनं बोट टेकवलं.

ते बोट कशावर टेकलं, ते नंतर कळलं. सेंटर कायमचं बंद झाल्याची बातमी आली. माई ऑफिसात गेली, मी सोबतीला. खिडकीतला कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्यानं कॉम्प्युटर आमच्याकडे वळवून दाखवला. बहुतेक घरांपुढे एकच शेरा : कुटुंब सक्षम, गरज कमी. शिवाय सेंटरची वर्षभरातली उपस्थिती शून्य.

‘अहो साहेब, कुलूप असताना येणार कोण?’ माई म्हणाली.

‘मला कळतंय, ताई. पण त्या रकान्यात आकडा टाकावा लागतो. कुलूप टाकता येत नाही.’

‘मग मी खोटं सांगायला हवं होतं का? पोराचे हाल करतो म्हणून?’

रांगेतला मागचा माणूस पुढे सरकला.

बाहेर येऊन माई पायरीवर थांबली. ‘घर घासायलाच नको होतं,’ एवढंच म्हणाली.

त्या थंडीत नवरा भट्टीपुढे उभ्या उभ्या पेंगला आणि त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. बेकरीच्या मालकाला फार वाईट वाटलं. ‘काका, आता तुमची रात्रपाळी बंद,’ तो म्हणाला. नवरा गयावया करायला लागला, रात्रपाळीच राहू द्या म्हणून. मालकाला वाटलं, माणूस संकोचतोय. ‘अहो, तुमच्या भल्यासाठीच करतोय,’ म्हणाला, आणि विषय संपवला.

तेव्हा माईनं लाँड्रीत कायमची रात्रपाळी मागून घेतली. आता चादरीचं दुसरं टोक धरायला एक नवी बाई असते. ती बरी आहे, पण बोलत नाही.

परवा सकाळी कामावर जाण्याआधी मी माईकडे डोकावले. ती नुकतीच आली होती, चपलाही पायातच होत्या. नवरा उजव्या हातात डबा घेऊन निघालेला. एवढ्यात गोटू मध्ये आला. त्यानं आईचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं वडिलांच्या डाव्या हाताची बाही अगदी हलकेच चिमटीत पकडली, आणि दारात उभा राहिला.

‘रोज असंच,’ माई मला म्हणाली. मग त्याला, ‘सोड रे राजा, बाबांना उशीर होतोय.’

गोटूनं सोडलं नाही. नवऱ्याच्या खिशातला फोन वाजू लागला, बेकरीतूनच असणार. घ्यायला त्याचा हात मोकळा नव्हता. वाजून वाजून फोन थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला.