दाराच्या चौकटीत

कतारच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका रिकाम्या गोदामात सुदाम जगदाळे पहारेकऱ्यांना इमारतीची झडती घ्यायला शिकवायचा. मूळचा साताऱ्याकडचा. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि इथल्या एका सिक्युरिटी कंपनीत उस्ताद म्हणून लागला. हत्यारी पहाऱ्यासाठी निवडलेली माणसं त्याच्याकडे येत. गोदामात प्लायवूडच्या खोल्या उभ्या केल्या होत्या आणि सरावाला रंगाच्या गोळ्यांची पिस्तुलं होती.

"एकटे असाल तर आत शिरू नका," हे तो आधी सांगे. "आडोसा धरा, मदत मागवा. आत कुणाचा जीव जात असेल तरच पाऊल टाका. आणि दाराच्या चौकटीत थांबायचं नाही. बाहेरूनच, भिंतीपासून जरा लांब राहून, खोली थोडी थोडी नजरेखालून घाला."

हेच त्यानं कुणालला, आपल्या एकुलत्या एका मुलालाही शिकवलं होतं. कुणाल पोलिसांत होता. एका बंद दुकानात दरोडेखोर शिरला, आतून बाईची किंकाळी आली आणि जोडीचा पोलीस पोचायच्या आत कुणाल धावला. गोळी लागली ती दारातच. बाई वाचली.

सुदाम गावी मुलाचं दिवसकार्य उरकून परत आला आणि पुन्हा शिकवायला उभा राहिला. इथं कुणाला काही बोलला नाही. फोनवर बायकोनं, विभावरीनं, मुलाचा विषय काढला की "बस आली" म्हणून फोन ठेवून द्यायचा.

त्या सकाळी वसईच्या लॉयडची पाळी होती. आत दडलेला माणूस सुदाम स्वतः झाला होता. लॉयड घाईनं आला आणि नेमका चौकटीत उभा राहिला. उन्हाची तिरीप पाठीमागं, छाती समोर. सुदामनं पिस्तूल रोखलं, पण बोट वळेना. तेवढ्यात लॉयडनंच गोळी झाडली. सुदामच्या खांद्यावर निळा रंग फुटला. बाहेर पाळीची वाट बघणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

लॉयड हरखला. "उस्ताद, जिंकलो ना?"

त्याचं ते हसू सुदामला बघवेना. हा पोरगा असाच खुशीत कुठल्यातरी दारात जाऊन उभा राहील.

"पुन्हा," तो म्हणाला.

लॉयड पुन्हा तसाच आला. या वेळी सुदामनं गोळी झाडली. निळा डाग बरोबर छातीवर उमटला. लॉयड "आई गं!" म्हणून मागं सरला, आणि सुदाम मटकन खाली बसला.

"काय झालं, उस्ताद? पाणी आणू?"

"माझा कुणाल असाच गेला," सुदाम म्हणाला. "शिकवलेलं सगळं येत होतं त्याला."

लॉयड शेजारी बसला. मग उठून एकट्यानंच दारापाशी गेला आणि सावकाश, बाहेरूनच खोली बघायला लागला. सुदाम डोळे पुसत सांगत राहिला, "आणखी मागं. कोपर आत घे."

दुपारच्या सुट्टीत त्यानं घरी फोन लावला.

"जेवलात का?" विभावरीनं विचारलं.

"आज कुणालचं नाव घेतलं मी. पोरांपुढं."



"परक्यांपुढं घेतलंत," ती म्हणाली. "मी कधीपासून वाट बघतेय."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "यल्ला, यल्ला! चला लवकर!" कुणीतरी ओरडलं. मुक्कामावर नेणारी बस आज खरोखरच आली होती.

सुदाम उठला नाही. "बोल," तो म्हणाला, "ऐकतोय मी."