घार जेवायला शिकते

शेजारच्या वहिनींच्या मुलीला आमचा अख्खा मजला घार म्हणतो. नाव मीच ठेवलंय. मजल्यावरची बहुतेक नावं माझीच. पोरगी बांधकामावरची उंच क्रेन चालवते. आमच्या गॅलरीतून समोर दिसते ती क्रेन. टोकाशी न्हाणीघराएवढी काचेची केबिन, आत ही बसलेली, आणि हिने बोट हलवलं की खाली लोखंडाचा भारा हवेत तरंगतोय. असल्या मुलीला स्थळ आणायचं कुठून, ही वहिनींची काळजी. त्यांना स्थळं शोधताना बघणं, ही माझी करमणूक.

पण गोष्ट आहे घारीच्या पोटाची. एकदा शिडी चढली की ती संध्याकाळीच खाली यायची. वर खाल्लं की तहान लागते, पाणी प्यायलं की खाली उतरावं लागतं. म्हणून खाणंच बंद! सकाळी उभ्याउभ्या चहा ढोसायचा आणि पळायचं. घरी आली की आधी लोळणं, मग फोन, आणि सगळी बिल्डिंग दिवे मालवायला लागली की ही ताटावर तुटून पडायची. उजवा हात ताटात, डावा फोनवर, डोळे पडद्यात.

"भाजी कशी झालीय?" वहिनींनी विचारावं.

"कुठली? ते पिवळं ना? मस्त."

ते पिवळं करण्यात वहिनींची संध्याकाळ गेलेली असायची. हात धुतले की घार आडवी.

कंपनीच्या तपासणीत घोडं अडलं. एवढ्या कोवळ्या वयात बीपी वर! डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं आणि म्हणाल्या, "महिनाभर केबिन बंद. वर तुला चक्कर आली तर पडणारी तू एकटी नसशील."

झालं. घारीला गेटवर हेल्मेटं वाटायला बसवलं आणि तिच्या केबिनमध्ये एक बदली गडी चढला. त्याच्या हाताखाली हूक असा हेलकावे खायचा की खालचे गवंडी कामं सोडून पळायचे. घार दात-ओठ खात बघत बसायची.

"काका, तो उचलत नाही हो, हिसके मारतो. माझी क्रेन आहे ती! महिन्याने बीपी उतरलं नाही तर मी कायमची हेल्मेटवाली."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं साधंच होतं. सकाळी नीट न्याहारी, दुपारी डबा, रात्रीचं जेवण दिवेलागणीला उरकायचं. मीठ कमी, रोज चालणं, झोप वेळेवर. आणि वर एक शेपूट: जेवताना फक्त जेवायचं. आधी शांत श्वास घ्यायचा, मग एकेक घास, त्याच्याकडे लक्ष देऊन.

पहिल्याच संध्याकाळी मी नेहमीसारखा बातम्या घेऊन त्यांच्या दारात हजर. बघतो तर फोन कपाटात, घार डोळे मिटून चावतेय, आणि पोरगी बोलत नाही म्हणून वहिनींचं तोंड फुगलेलं.

"काय गं, भांडलीस की प्रेमात पडलीस?"

"काका, जेवतेय मी."

"जेव की! तोंड घासाला दे, कान आम्हाला दे."

"कानसुद्धा घासाला."

आता यात काहीतरी पाणी मुरतंय असं कुणालाही वाटेल. मी फक्त जिन्यात एकाला म्हटलं, की पोरगी गप्प गप्प असते हल्ली. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर तिचं कुणाशी तरी जुळलं होतं, त्या मुलाची नोकरीसुद्धा ठरली होती.

पण घारीला ते जमेना. चार घास झाले की हात फोन शोधायला लागायचा, नाहीतर बकाबका खाऊन मोकळी. शेवटी एका संध्याकाळी तिने वाटी आपटली.

"नाही जमत गं आई! डोकं दहा ठिकाणी जातं."

"वर बसतेस तेव्हा कुठे जातं?"

"वर कसं जाईल? हुकाला बोजा लटकलेला, खाली माणसं. खालचा सिग्नलवाला हात करेल तेवढंच दिसतं मला."

"कसा हात करतो? दाखव बघू."

घारीने दाखवलं. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा पालथा धरून दाबला की हळू. मूठ आवळली की थांब.

वहिनी तिच्यासमोर ताठ बसल्या आणि बोट वर करून गोल फिरवलं. घारीने हसत हसत घास उचलला. तळवा पालथा झाला: हळू. मग मूठ: चावून होईपर्यंत हात जागचा हलायचा नाही.

"मेथी आहे ही," घार एकदम म्हणाली. "आई, तू मेथी किती छान करतेस!"

"बावीस वर्षं करतेय, कार्टे."

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. वहिनींनी माझ्याकडे न बघताच मूठ आवळली. त्या महिन्यात माझ्या किती बातम्या शिळ्या झाल्या, त्याची दाद कुठे मागायची?

तपासणीला आम्ही तिघंही गेलो. बीपीचा पट्टा सुटला तेव्हा घारीने श्वास धरलेला, वहिनींनी पदर.

"उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसत्या जेवणाने नाही, मीठ, झोप, चालणं, सगळ्यांनी मिळून. तपासायला येत राहायचं. जा वर."

घार तिथून तडक साइटवर गेली. मीही गेलो, म्हणजे बातमी पक्की मिळावी म्हणून. शिडीला हात लावण्याआधी ती सुपरवायझरसमोर उभी राहिली.

"दुपारी हूक रिकामा करून मी जेवणार. फोनवर नाही, घाईत नाही. आणि शिडी उतरून बाथरूमला जाऊन यायला वेळ लागेल तोही द्यायचा."

"बाई, काँक्रीट कुणासाठी थांबत नाही."

"मग त्यालाच ठेवा वर."

सुपरवायझरने मान वर केली. बदली गड्याने नुकताच विटांचा पाळणा कठड्यावर आपटला होता. विटा बदाबदा खाली येत होत्या.

"डबा आणलायस का?" सुपरवायझरने विचारलं.

दुपारी वहिनी आमच्या गॅलरीत आल्या. समोर क्रेनचा हात निश्चल, हूक मोकळा, खाली गवंडी पाय पसरून बसलेले. बराच वेळ गेला तरी काही हलेना.

"भाऊजी, बरी असेल ना हो ती? एवढा वेळ?"

"चावतेय, वहिनी."

"एवढीशी तर भाजी दिली होती," वहिनी पुटपुटल्या, आणि हूक हलेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.