उपाशी उंदरांची भाकरी

प्रभुदास साळवे श्रीरामपूरजवळच्या एका फार्मसी कॉलेजात पांढरे उंदीर सांभाळतो. बावीस वर्षं झाली. कंत्राट मात्र दर जूनला नव्याने होतं, म्हणून मे महिन्यात तो सगळ्यांशी फार नम्र असतो. यंदा ही नम्रता मार्चमध्येच सुरू झाली.

संशोधन तिथल्या प्राध्यापक पंकजा मॅडमचं. सहा उंदीर पोटभर ठेवायचे, सहा रात्रभर उपाशी. खाल्लेल्याचं हृदय साखरेवर चालतं. उपाशी हृदय चरबी जाळतं आणि तेवढ्याच कामाला जास्त प्राणवायू खातं. किती जास्त, ते मोजायचं. भूल देऊन हृदय काढतात, काचेच्या नळीला टांगतात. ते तिथेही तासभर धडधडतं. तेवढा वेळ प्रभुदास खिडकीबाहेर बघतो.

दिवस ईस्टरआधीच्या उपासांचे. संध्याकाळी उपास सोडायला तो पिंजऱ्यांपाशी डबा उघडून बसला. रजिस्टरात 'अन्न काढले' अशी सही झाली होती. पण समोर कोणी उपाशी असताना एकट्यानं खायची रीत त्याच्या घरात नव्हती. दीड भाकरी वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आकड्यांवरून हलेनात.

"काका, हे उपाशीच होते ना?"

"व्हय."

"काम तेवढंच, प्राणवायू मात्र कमी." मॅडम चक्क हसल्या. "काहीतरी नवीन सापडलंय बहुतेक."

त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी बायको दीना म्हणाली, "गप ऱ्हा. उंदीर येनार हायेत व्हय सांगायला?"

तेच तर भय होतं. जे सांगू शकले असते ते संपले होते. उरला होता तो एकटा. आठ दिवस त्याला घास गिळवेना. नवव्या दिवशी मॅडम त्यावरचा शोधनिबंध छापायला पाठवणार होत्या. तो दारात उभा राहिला.

"मॅडम, ते उपाशी नव्हते. मी भाकर दिलती."

"किती?"

"दीड. त्यांच्यासमोर खाववंना मला."

मॅडमनी सहा आकडे एकेक करून खोडले. कंत्राटाचं नाव काढलं नाही. विचारायची त्याची छाती झाली नाही.

"पुन्हा करावं लागेल, काका. नवीन सहा."

नोकरी जाण्याची तयारी करून तो आला होता. ह्याची नव्हती.

"आज मी थांबू का संध्याकाळी?" मॅडमनी विचारलं.

"नगा. मीच काढतो अन्न."

कुठले सहा, हे ठरवायचं कामही त्याचंच होतं. त्याने पहिला पिंजरा उघडला. आतला उंदीर सवयीने हातावर चढून बसला.